घाट बंद, पण बिलाची मुदत चालूच

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मंगळवारी संध्याकाळी सातला फोंडा घाटाच्या पायथ्याहून आमच्या ड्रायव्हरचा फोन. "दादानू, वर दरड इली हा. गाडी फुडे जाणा नाय." एवढंच ऐकू आलं आणि फोन कट झाला.

टेम्पोत आठ लाखांचे काजूगर होते, कोल्हापूरच्या व्यापाऱ्याचे. ई-वे बिल (माल गाडीने नेताना सोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) सोमवारी संध्याकाळी डबे भरून झाल्यावर काढलेलं. अंतर दोनशे किलोमीटरच्या आत, म्हणून मुदत एक दिवस, म्हणजे मंगळवारी मध्यरात्रीपर्यंत. पावसामुळे गाडी सुटलीच मंगळवारी दुपारी. तरी रात्री नऊपर्यंत पोचली असती.

मुदत वाढवता येते, पण संपण्याआधी आठ तास आणि संपल्यानंतर आठ तास, एवढ्याच वेळात. म्हणजे माझ्या हातात बुधवारी सकाळी आठपर्यंतचा वेळ होता. इकडे वेंगुर्ल्यात संध्याकाळपासून लाईट नव्हती. टॉवरची बॅटरी उतरली आणि रेंज गेली. पोर्टलवर लॉगिन करायला आता ओटीपी लागतो, १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच. रात्रभर मोबाईल हातात धरून बसलो. पहाटे भर पावसात मोटारसायकल काढून सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या माळावर गेलो, तिथे कधीमधी रेंजची एखादी काडी दिसते. छत्रीखाली उभा राहून पाच-सहा वेळा प्रयत्न केला. ओटीपी आला तेव्हा आठ वाजून सहा मिनिटं झाली होती.

घाटात पहाटे एक बाजू मोकळी झाली होती. ड्रायव्हरला यातलं काहीच माहीत नाही, तो बिचारा निघाला. कोल्हापूरच्या अलीकडे गाडी तपासणीला थांबवली. बिल मुदत संपलेलं. काजूगरावर कर ५ टक्के, म्हणजे ४० हजार. दंड कराच्या दुप्पट, ८० हजार. इन्व्हॉइस बरोबर, माल मोजून बरोबर, करही लावलेला. भांडत बसलो असतो तर माल तिथेच अडकला असता आणि व्यापारी हातचा गेला असता. भरले. आमच्याकडे सोलणीला अठरा बायका आहेत. एवढ्या पैशात त्यांचा किती दिवसांचा पगार निघतो, ते मला तोंडपाठ आहे.

मी ई-वे बिलाच्या विरोधात नाही. जीएसटीआधी गोव्याच्या हद्दीजवळ बांद्याच्या तपासणी नाक्यावर गाड्यांची रांग ज्याने पाहिली आहे, तो विरोधात असणारच नाही. राज्यातल्या राज्यात एक लाखापर्यंतच्या मालाला बिल लागत नाही, ताज्या आंब्याला तर मुळीच नाही. हेही योग्यच आहे.

पण सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे बिलात गाडीच्या नंबरातला एखादा आकडा चुकला तर १,००० रुपयांत सुटका होते. तिथे माणसाची चूक असते. दरड कोसळण्यात माझी काय चूक? तेलंगणातल्या एका कागद व्यापाऱ्याची गाडी मोर्चामुळे अडकली आणि बिलाची मुदत संपली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि जानेवारी २०२२ मध्ये निकाल व्यापाऱ्याच्या बाजूने लागला. नुसती मुदत संपली म्हणजे करचुकवेगिरी होत नाही. पण दहा-वीस डब्यांचा धंदा करणारा आमच्यातला कोण दिल्लीपर्यंत जाणार?

आणि सरकारला हे जमत नाही असंही नाही. लॉकडाऊन लागला तेव्हा २० मार्च ते १५ एप्रिल २०२० दरम्यान संपणाऱ्या बिलांची मुदत एका अधिसूचनेने ३० एप्रिलपर्यंत वाढवली होती. कोणाला ओटीपी मागितला नव्हता. मग जिल्हाधिकारी घाट बंदचा आदेश काढतात, तेव्हा त्या वाटेवरच्या बिलांची मुदत आपोआप का वाढू नये? मुदतवाढीच्या कारणांत नैसर्गिक आपत्ती पोर्टलवर आहेच. फक्त ते कारण निवडायला आधी रेंज हवी. निदान पावसाळ्यात ते आठ तास तरी अठ्ठेचाळीस करा.

तोवर एक करा. पावसात बिल आदल्या संध्याकाळी काढू नका, गाडी सुटताना काढा. मी तीच चूक केली.

आम्ही काही काजूवाले मिळून निवेदन तयार करतोय. करूळ, फोंडा, आंबोली, कुंभार्ली, कुठल्याही घाटात तुमची गाडी अशी अडकून दंड भरावा लागला असेल, तर दंडाची पावती आणि त्या दिवसाचा घाट बंदचा आदेश मला इनबॉक्समध्ये पाठवा.