घरबसल्या जिल्हा श्रीमंत करा, २०४७ पर्यंत

परवा एका सादरीकरणाला बोलावणं आलं. आपल्या जिल्ह्याची अर्थव्यवस्था २०४७ साली किती होणार, हे सांगायला एका सल्लागार कंपनीचा मुलगा आला होता. पडद्यावर एक रेघ डावीकडून निघायची आणि कुठेही न अडखळता वर जायची. मी विचारलं, यात दुष्काळ कुठे धरलाय? तो म्हणाला, "सर, तो एरर टर्ममध्ये आहे." म्हणजे मॉडेलला जे समजावता येत नाही ते टाकायच्या खणात. कोणी हसलंसुद्धा नाही. साहेबांनी तर मान डोलावली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दीर्घकालीन वाढीचं मॉडेल बनवणं कोणालाही जमेल, आपणच उगाच मागे राहिलो. तुम्ही राहू नका. कृती लिहून घ्या.

आधी उत्तर ठरवा. जुनी माणसं बचत किती, गुंतवणूक किती, त्यातून उत्पादन किती असं करत करत शेवटी विकासदराला पोचायची. तुम्ही एक्सेलमधलं 'गोल सीक' उघडा, हवं ते उत्तर दिलं की ते मागचा आकडा शोधून देतं. शेवटच्या रकान्यात देशासाठी ३० ट्रिलियन डॉलर टाका, पहिल्यात ४, वर्षं २२. दर साल साधारण ९.६ टक्के असं उत्तर येईल. घाबरू नका. त्यातले चारेक टक्के महागाईचे, आणि तेवढी महागाई आपण नेमाने करतोच. रुपया घसरणार नाही, हे मात्र तळटिपेत टाका. अक्षर बारीक ठेवा, कारण २०१९ साली हीच तळटीप नडली होती. २०२४-२५ पर्यंत ५ ट्रिलियन ठरले होते. त्या वर्षीचा जीडीपी तेव्हाच्या मोजणीनुसार सुमारे ३३१ लाख कोटी रुपये भरला. २०१९ च्या सत्तरच्या भावाने भागला असता तर ४.७ ट्रिलियन झाले असते. पण डॉलर चौऱ्याऐंशीच्या पुढे गेला आणि हाती आले ३.९. करोना? तो एरर टर्ममध्ये.

सरासरी नेहमी चांगल्या वर्षांचीच काढा.

जागतिक बँकेचा आधार द्या, वजन पडतं. २०४७ पर्यंत उच्च उत्पन्न गटात जायचं तर भारताला सरासरी ७.८ टक्के वाढ लागेल, असं त्यांनी २०२५ मध्ये म्हटलं. २००० पासूनची सरासरी ६.३ आहे, हेही त्यांनीच म्हटलं, पण ते तुमच्या कामाचं नाही. 'लागेल' खोडून 'होईल' करा.

प्रिचेट आणि समर्स या अर्थशास्त्रज्ञांचा २०१४ चा निबंध कोणी काढलाच, तर चहा मागवा. वेगाने वाढणारे देश पुढे बहुधा सरासरीकडे घसरतात, असं त्यात आहे. तसंच घसरलेल्या ब्राझीलचं नावही घेऊ नका.

आता माणसं. मॉडेलमध्ये माणसं लागतात, नाइलाज आहे. अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ साली सांगून ठेवलंय की शेतीतली जादा माणसं कारखान्यांकडे जातात आणि देश वर येतो. तसा एक बाण काढा, शेतीकडून उद्योगाकडे. आपल्याकडे २०१८-१९ मध्ये शेतीवर ४२.५ टक्के कामकरी होते आणि २०२३-२४ मध्ये ४६.१ झाले, म्हणजे बाण उलटा फिरला. तुम्ही सरळच काढा. स्त्रियांच्या श्रमसहभागाला हिरवा रंग द्या, कारण तो २०१७-१८ मधल्या २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ वर गेला. त्यातल्या कितीतरी घरच्याच शेतात बिनपगारी राबताहेत, हे रंगात दिसत नाही. आणि 'मानवी भांडवल' या नावाचा एक रकाना असतो, त्यात शाळेच्या वर्षांची सरासरी भरायची. बीडची नवरा-बायको एक कोयता म्हणून उसाच्या फडात जातात. मजुरी दोघांची एकत्र, उचल आधीच घेऊन संपलेली, पोरं कोपीत. पटावर ती पोरं हजर, म्हणून तुमच्या सरासरीतही हजर! निम्मं वर्ष शाळा न पाहिलेल्या त्या पोराची उत्पादकता तुम्ही दर साल किती टक्के वाढवणार आहात? कशाच्या जोरावर? अहो, आईबरोबर उसाचं वाढं गोळा करणारं पोर आहे ते, तुमच्या समीकरणातला मानवी भांडवलाचा 'एच' नाही.

असो. कृतीकडे वळतो.

जिल्ह्याचा आकडा कुठून आणायचा, याची चिंता नको. जिल्ह्याचं उत्पन्न बऱ्याच क्षेत्रांत जिल्ह्यात मोजतच नाहीत, राज्याचा आकडा कामकऱ्यांच्या वगैरे प्रमाणात वाटून देतात. २०२१ ची जनगणना २०२१ मध्ये झालीच नाही, तेव्हा प्रमाणही जुनंच. त्या वाटपावर २२ वर्षांचं चक्रवाढ चढवा आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत द्या.

बास झालं. मला पुढे हे असं लिहवत नाही.

मॉडेल चुकतं म्हणून मी चिडलेलो नाही. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचं मॉडेल करणाऱ्या महालनोबिसांचंही चुकलं. पण त्या योजनेत काय गृहीत धरलंय, ते कागदावर होतं. म्हणून अर्थशास्त्रज्ञ बी. आर. शेणॉय आपली भिन्नमतपत्रिका लिहू शकले. म्हणून मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद विचारू शकले की यंत्रं बनवणारा मजूर खाणार काय आणि नेसणार काय. तिसऱ्या योजनेचं लक्ष्य ५.६ टक्के होतं, पदरात पडले २.८. दोन युद्धं आणि १९६५-६६ चा दुष्काळ. त्यानंतर तीन वर्षं पंचवार्षिक योजनाच बंद ठेवावी लागली. त्या लोकांनी निदान तोंड दाखवलं.

तुम्ही काय दाखवता? गृहीतकं मागितली तर "ती प्रोप्रायटरी आहेत", म्हणजे कंपनीच्या मालकीची, असं म्हणता. आमच्याच पैशांनी केलेलं काम आमच्यापासूनच लपवता? आणि साहेब, तुम्ही मान कसली डोलावता? तुमची तीन वर्षांत बदली होईल, त्या पोराची कंपनी दुसऱ्या जिल्ह्यात हीच रेघ विकेल. रेघेवर भरवसा ठेवून कोणता तलाव व्हायचा राहिला आणि कुठली शाळा बंद झाली, ते इथल्यांनी निस्तरायचं. लाज वाटू द्या जरा. २०४७ ची नवी स्लाइड करण्याआधी २०१९ ची फाइल काढा, त्यातला कोणता आकडा कुठे आणि का चुकला ते एका पानावर मराठीत लिहा, आणि खाली नावानिशी सही करा.