दूध पुरतंय ना गं?

आपल्याकडे समोरच्याचा पगार विचारताना माणूस जरा तरी घुटमळतो. बाळंतिणीला दूध किती येतं, हे विचारताना कुणीच घुटमळत नाही. "दूध पुरतंय ना गं?" आईने विचारलं, सासूबाईंनी विचारलं, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातून ओरडून विचारलं. नवऱ्याच्या एका मित्राने फोनवर विचारलं आणि मग दोघंही बराच वेळ क्रिकेटवर बोलत राहिले.

माझं माहेर रत्नागिरीकडचं, सासर अमरावतीचं आणि बाळंतपण पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत. दोन्ही आज्या आपापला शिधा घेऊन मुक्कामाला आल्या. आईच्या पिशवीत हळीव आणि नारळ. सासूबाईंच्या पिशवीत डिंक, खारीक, सुकं खोबरं, गोडंबी, खसखस आणि बाळंतशेपांची पुडी. दोघींचं एकमेकींशी अतिशय गोड होतं. मला काय खायला घालायचं, एवढा विषय सोडून.

आई हळीव नारळाच्या पाण्यात भिजत घालायची. भिजले की त्या इवल्या दाण्यांभोवती बुळबुळीत वेष्टण येतं. मग त्यात ओलं खोबरं आणि गूळ घालून लाडू, आणि उरलेल्याची दुधात खीर. "बाय माझी, एवढी वाटी संपव, पान्हा फुटेल." ती वाटी संपते न संपते तोच सासूबाई डिंकाचा लाडू पुढे करायच्या. त्यांच्या मते ओल्या नारळाने लेकराला सर्दी होते. आईच्या मते डिंकाने उष्णता वाढते. मी मधे बसून थंड आणि उष्ण दोन्ही खात होते, त्यामुळे तापमानाचा प्रश्न आपोआप मिटत असावा.

तिसरा पक्ष शतावरी कल्पाचा. ती शिफारस मालिशवाल्या मावशींची. माझ्या पायांना तेल जिरवता जिरवता त्या वाड्या-सोसायट्यांमधल्या सगळ्या बाळंतिणींच्या दुधाचा ताळेबंद सांगायच्या. नवऱ्याने लगेच डबा आणला. वेलचीचा वास, चव पेढ्याच्या जवळ जाणारी. डब्यामागची बारीक अक्षरं वाचली तर घटकांच्या यादीत साखर सगळ्यात पुढे बसलेली आणि शतावरी मागच्या बाकावर. तरीही सांगते, त्या दिवसांत मला मनापासून आवडलेलं औषध हे एकच.

आणि मेथी! मेथीचे लाडू हा प्रकार ज्याने शोधला त्याचं बाळंतिणींशी काय वैर होतं कोण जाणे. मी ते कडू तोंडाने गिळत होते आणि माझे वडील, ज्यांना मधुमेह आहे, ते डब्यातून गुपचूप उचलत होते. पकडले गेल्यावर म्हणाले, "मेथी साखरेला चांगली." लाडवातल्या गुळाबद्दल आणि तुपाबद्दल त्यांनी काहीही भाष्य केलं नाही.

मेथीने आणखी एक गंमत केली. माझ्या घामाला, दुपट्यांना, उशीला एक गोडसर वास यायला लागला. कॅनडातली मावसबहीण बाळ बघायला आली आणि मला मिठी मारून म्हणाली, "तुला मेपल सिरपचा वास येतोय!" तिने चुकीचं काही सांगितलं नव्हतं. मेथीत आणि मेपल सिरपमध्ये, म्हणजे मेपलच्या झाडाच्या रसाच्या गोड पाकात, सोटोलोन नावाचं एकच वासाचं द्रव्य असतं. आईने मेथी खाल्लेली असली की कधी कधी बाळाच्या लघवीलाही तो वास येतो, आणि लघवीला हाच वास येणारा मेपल सिरप युरिन डिसीज नावाचा एक दुर्मीळ, गंभीर आजार असल्यामुळे परदेशातल्या डॉक्टरांची त्यावरून धावपळ झाल्याच्या नोंदी आहेत. सासूबाईंना एवढं सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "वास येते म्हणजे लागू पडते."

एवढं सगळं पोटात गेल्यावर संध्याकाळ व्हायची. रोज दिवेलागणीला लेक रडायला लागायची. पाजलं की झोपायची, खाली ठेवलं की पुन्हा रडायची, पुन्हा पाजायचं. या वयाची पुष्कळ बाळं संध्याकाळी अशी धरून बसतात, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मात्र घरात सुनावणी सुरू व्हायची. "काहून रडते वं लेकरू? पोट नाही भरत त्याचं." मग दुपारी मी चोरून खाल्लेली कोबीची भाजी निघायची, पंख्याखाली बसल्याचं निघायचं, गार पाणी प्यायल्याचं निघायचं. लेकीला बहुधा निकालात रस नसायचा. ती तोवर झोपलेली असायची.

एकदा खालच्या काकू "असू दे घरात" म्हणून वरच्या दुधाचा डबा घेऊन आल्या. वडिलांनी चष्मा लावून तो सगळा वाचून काढला. आपल्याकडे १९९२चा कायदा आहे. त्यानुसार अशा डब्यावर आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम आहे असं छापावंच लागतं, आणि गुटगुटीत बाळाचं चित्र छापायला बंदी. वडील म्हणाले, "हा डबा स्वतःच सांगतोय की मला घेऊ नका." काकू जरा दुखावल्या.

नवऱ्याला वाटलं, मोजलं की वाद मिटेल. त्याने पंप आणला. घरघर करत ते यंत्र बराच वेळ चाललं आणि बाटलीच्या तळाशी जेमतेम दूध जमलं. सगळं घर भोवती उभं. "एवढंच?" असं कुणी म्हणालं नाही, पण चेहऱ्यांवर छापलेलं होतं. पंपात किती येतं त्यावरून बाळाला किती मिळतं ते ठरत नाही, बाळाचं तोंड त्या यंत्रापेक्षा कितीतरी कुशल असतं, हे त्या क्षणी सांगणारं कुणी नव्हतं.

शेवटी बाळाच्या डॉक्टरांकडे गेलो. मी, नवरा, दोन्ही आज्या, आणि नमुन्यादाखल एक लाडू. डॉक्टरीणबाईंनी लाडवाकडे पाहिलंच नाही. दिवसाला किती लंगोट ओले होतात, एवढं विचारलं. सासूबाईंनी आकडा तोंडपाठ सांगितला, कारण धूत त्याच होत्या. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि वजन चढत असेल तर दूध पुरतंय, संपलं. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं. लेकीचं भरून वर थोडं जास्तच झालं होतं.

मग बाईंनी कारखान्याची माहिती दिली. बाळ ओढतं तेव्हा मेंदूतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन सुटतं, त्याने दूध तयार होतं. ऑक्सिटोसिन सुटतं, त्याने ते बाहेर येतं. जितकं काढाल तितकं बनेल, तुंबून राहिलं तर बनणं कमी होईल. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं सोडायचं नाही. आणि आईला ताण आला, लाज वाटली, दुखलं, की ऑक्सिटोसिन अडखळतं. हे वाक्य मी त्यांना मुद्दाम पुन्हा म्हणायला लावलं. म्हणजे "दूध पुरतंय ना गं?" हा प्रश्नच दुधाच्या वाटेत आडवा पडत होता!

मेथी-शतावरीचं मी विचारलंच. त्या म्हणाल्या, २०२० साली कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे उपचारांचे अभ्यास तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, दूध वाढवणाऱ्या औषधी-वनस्पतींच्या आणि गोळ्यांच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. काहींचा थोडा उपयोग होत असेल, पण पुरावा इतका कच्चा की छातीठोकपणे काही सांगता येत नाही. खायचं तर खा, बेताने खा. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर मेथीचं आधी आम्हाला विचारा. पाजणाऱ्या आईला एरवीपेक्षा पाच-सहाशे कॅलरी जास्त लागतात, त्या लाडवातून आल्या तरी चालेल.

रिक्षात बसल्या बसल्या आई म्हणाली, "म्हणजे हळीव चालतील." सासूबाई म्हणाल्या, "डिंकाला त्या नाही कुठं म्हणाल्या?" एवढ्या भाषणातून दोघींनी नेमकं आपापलं उचललं होतं.

पुढच्या दिवसांत दूध असं काही आलं की टीव्हीवरच्या मालिकेत कुणाचं तरी बाळ रडलं तरी माझा गाऊन भिजायचा. श्रेयावरून घरात पुन्हा दोन तट. मला मात्र आता उलटं संकट: छाती दगडासारखी घट्ट, गाठी, कणकण.

अशा एका संध्याकाळी नवरा मोगऱ्याचा गजरा घेऊन आला. कित्येक महिन्यांनी. मी केसांत माळायला हात वर केला, तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "मोगरा? दूध आटवाचं हाय काय तिचं?" आईही पाठोपाठ आली आणि मुक्काम सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालं. मी रागारागाने फोनवर शोधायला बसले, की यांचं एक तरी खोटं पाडावं. तर १९८८ सालचा एक अभ्यास निघाला: बाळंतिणींच्या छातीला मोगऱ्याची फुलं बांधली आणि दूध खरोखर कमी झालं, प्रोलॅक्टिनसुद्धा उतरलं. छातीला बांधलेली फुलं वेगळी आणि केसांतला गजरा वेगळा, असा युक्तिवाद मी करून पाहिला. तो फेटाळण्यात आला. गजरा सासूबाईंनी स्वतःच्या अंबाड्यात माळला, अर्धा तोडून आईला दिला, आणि नवऱ्याला बजावलं, "पुढच्या वेळी आणशील तं अबोली आण."