‘चौदा हजारांचं खेळणं’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. एक स्टार, पाच तक्रारी आणि शेवटी ‘फोन केला तर मॅडम लेक्चर देतात’. हे शेवटचं शंभर टक्के खरं आहे. त्या दिवशी तुमचं पुरतं ऐकून न घेता मी लॅकर (थिनरमध्ये कालवलेला रंग) कसं वाळतं ते सांगत बसले. माफ करा.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. सरांनी आमच्याकडून ताडोबाच्या सफारीतल्या उघड्या मारुती जिप्सीचं १:२४ मापाचं प्लास्टिक मॉडेल करून घेतलं, १४,५०० रुपयांना. त्यांचं म्हणणं असं की विंडशील्ड आठवड्यात धुरकट झालं, गाडी मागून उगाच लांब दिसते, डाव्या दारामागे चीर गेली आहे, गणपतीआधीचा वायदा असून गाडी दिवाळीनंतर मिळाली, आणि ऑनलाइन पाचशेत जिप्सी मिळत असताना हे ‘खेळणं’ एवढं महाग कसं. गाडी मुळात कोणाची होती ते तुम्ही लिहिलेलं नाहीत, तेव्हा मीही लिहीत नाही.

काचेची चूक आमची. आमची म्हणजे माझीच, पेंटिंग करणाऱ्या मुलाचा त्यात काही संबंध नाही. डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी गाडी डिस्प्ले केसमध्ये ठेवताना माझ्या ओढणीचा काठ अडकला आणि उजवा वायपर निघून हातात आला. काचेच्या आसपास आम्ही फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंदच वापरतो. तो वाळल्यावर पारदर्शक होतो, पण त्याला रात्रभर द्यावी लागते, आणि तुम्ही सकाळी दहाला येणार होतात. मी सुईच्या टोकावर इन्स्टंट ग्लूचा थेंब घेतला, वायपर चिकटवला आणि लगेच केसचं झाकण लावून टाकलं. या ग्लूची वाफ निघते. बंद जागेत ती जाऊन काचेवर बसते आणि दुधाळ पापुद्रा धरते. रविवारच्या वर्गात शाळकरी पोरांना हे मीच बजावून सांगते, त्यामुळे तुमचा फोटो उघडल्या उघडल्या काय झालंय ते कळलं. लाज वाटली.

‘मागून लांब दिसते’ यावर मात्र मी हटणार नाही.

जिप्सीचं या मापातलं किट (जोडायच्या सुट्या भागांचा संच) आम्हाला मिळालं नाही, हे ऑर्डर घेतानाच सांगितलं होतं. म्हणून हासेगावा कंपनीचं सुझुकी जिम्नी जेए-११ चं किट घेतलं. जिप्सीच्याच घराण्यातली ही जपानी धाकटी बहीण. स्टिअरिंग उजवीकडेच असतं, तेवढं एक काम वाचलं. पण खऱ्या जिम्नीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २,०३० मिलिमीटर आणि जिप्सीचा २,३७५. फरक ३४५ मिलिमीटरचा. २४ ने भागलं की होतात १४.४ मिलिमीटर. ही वाढ दाराच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे येते, दार आहे तेवढंच राहतं. म्हणून चॅसिस (खालचा सांगाडा) आणि बॉडी दोन्ही त्याच जागी रेझर सॉने, म्हणजे बारीक करवतीने कापले, आत पितळी तारेचे दोन तुकडे घातले आणि जोड सरळ राहावा म्हणून जुन्या आरशाच्या काचेवर क्लॅम्प लावून दोन दिवस तसंच ठेवलं. मधला भाग एक मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटचा. त्याशिवाय चाकांच्या पलीकडेही जिप्सी लांब आहेच. अख्खी गाडी ४,०१० मिलिमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये १६७. जिम्नी १३७ मध्येच संपते. तुमच्या गाडीला पट्टी लावून बघा, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे निघाला तर सांगा.

आता रिव्ह्यूमध्ये तुलनेला लावलेला ‘खऱ्या जिप्सी’चा फोटो. सर, ती जिप्सी नाहीच. ती जपानमधली जिम्नी आहे. नंबरप्लेट पिवळी बघून तुम्हाला ती सफारीची गाडी वाटली असणार, आणि त्यात तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे पिवळी पाटी म्हणजे भाड्याची गाडी. जपानमध्ये ६६० सीसीपर्यंतच्या छोट्या गाड्यांना घरगुती असल्या तरी सहसा पिवळी पाटी मिळते. फोटो मोठा करून पाटीवरची अक्षरं वाचायचा प्रयत्न करा.

चिरेबद्दल. ती चीर नाही, कापलेल्या जोडावर भरलेली पुट्टी बसली आहे. वाळताना पुट्टी आकसते. वरून रंग मारल्यावरही ती आकसतच राहिली तर महिन्याभराने केसाएवढी रेघ उमटते. उजवी बाजू आधी भरली होती, तिला आठ दिवस मिळाले, ती अजून साफ आहे. डावीला तीनच दिवस दिले. तेव्हा चीर नसली तरी दोष आमच्याकडेच येतो.

उशिराचं काय सांगू? गणपतीआधी देते हे शब्द माझेच आणि मे महिन्यातले. मे महिन्यात पाऊस आठवत नाही. जुलैमध्ये पहिला हात मारला तेव्हा दुकानातल्या हायग्रोमीटरवर हवेतला दमटपणा ८८ टक्के होता. अशा हवेत लॅकरमधलं थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंग राखुंडी लावल्यासारखा पांढरट होतो. तो हात आम्ही पूर्ण उतरवला. पुढचा ऑक्टोबरच्या उन्हात मारला. थांबलो त्याचं वाईट वाटत नाही, तारीख दिली त्याचं वाटतं. तेव्हापासून जून ते सप्टेंबरमधलं रंगकाम असेल तर आम्ही तारीख देत नाही, काउंटरवर तशी पाटीच लावली आहे. (पुण्यात पाटी लावल्याशिवाय कोणी ऐकत नाही.)

राहिले पैसे. खेळणं म्हणालात त्याचा राग नाही, सरकारही तेच म्हणतं. खेळणी आणि स्केल मॉडेल दोन्ही कस्टमच्या यादीत ९५०३ या एकाच शीर्षकात येतात. म्हणूनच २०२० मध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०, तेव्हा आमची किटंही त्याच झटक्यात महागली. तुमचं किट मला ४,१०० ला पडलं. रंग, शीट, तार, केस मिळून १,२००. उरलेल्या ९,२०० मध्ये ६१ तासांचं काम आहे, म्हणजे तासाला दीडशे. हा हिशेब कृपया आमच्या घरी कळवू नका. मागची उंच बाकं कुठल्याच किटमध्ये नव्हती. त्यांच्या गाद्या एम-सीलच्या आहेत आणि रेक्झिनच्या सुरकुत्या दातकोरणीने ओढलेल्या. तुम्ही पाठवलेल्या जुन्या फोटोत डाव्या कोपऱ्यावर गादी फाटून स्पंज दिसतो, तोही आहे. अजून पाहिला नसेल तर बॅटरी मारून बघा. पाचशेची जिप्सी चांगली असते, माझ्या भाच्याकडे आहे, मागे ओढून सोडली की पळते. ही पळत नाही.

पूर्ण पैसे परत करणार नाही. पण काच आणि डावी बाजू दोन्ही फुकट करून देईन, आणि उशिराबद्दल २,००० परत देते. दोन नव्या काचा पाव मिलिमीटरच्या पारदर्शक शीटमधून कापून ठेवल्या आहेत, एक फसली तर दुसरी. रंगाची काळजी करू नका. तुम्ही तीन चमच्यांवरचे नमुने बघून दोन नंबरचा हिरवा निवडला होतात. तो प्लास्टिकचा चमचा तुमची सही असलेल्या चिठ्ठीसकट ड्रॉवरमध्ये आहे, त्याच्याशीच जुळवू.

या वेळी तारीख सांगते, कारण हवा कोरडी आहे. गाडी दिल्यापासून बारा दिवस. सोमवारी बंद, दुपारी एक ते चार बंद. आणताना केसचं झाकण बोटभर उघडं ठेवा, आणि कारच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. आरशांच्या दांड्या तारेएवढ्या बारीक आहेत, वाकतील.