मोठा टर्बो, जास्त ताकद? थार सीआरडीईबद्दलच्या एका दाव्याचा प्रतिवाद

महिंद्राच्या २०१० साली आलेल्या थार सीआरडीई या डिझेल जीपबद्दल एक दावा सर्रास पुढे पाठवला जातो. कंपनीने कंजुषी करून लहान टर्बो (एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र) दिला आहे, बाजारातला मोठा टर्बो नुसता बसवला की इंजिनाची ताकद दीडपट होते, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) जितका जास्त तितके चांगले, आणि जुन्या टर्बोचा शाफ्ट (आतला फिरणारा दांडा) हाताला हलला तर तो बदलायलाच हवा, असे त्यात म्हटले आहे. हजारो रुपये आणि चांगले इंजिन पणाला लागत असल्यामुळे यातील प्रत्येक मुद्दा तपासणे आवश्यक आहे.

लहान टर्बो ही कंजुषी नव्हे. या २,४९८ सीसी इंजिनाचा २४७ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) १,८०० ते २,००० आरपीएमलाच मिळतो, आणि चिखलात रुतलेली किंवा दगडांवरून चढणारी फोर बाय फोर चालते ती याच पट्ट्यात किंवा त्याहून खाली. मोठ्या टर्बोचे टर्बाइन (एक्झॉस्टने फिरणारे चाक) फिरवायला लागणारा एक्झॉस्टचा जोर तिथे नसतो. त्यामुळे महामार्गावर सुसाट वाटणारी गाडी चढणीवर मात्र दम टाकते. व्हेरिएबल जिओमेट्री टर्बो आपल्या हलत्या पात्यांमुळे ही अडचण बरीच कमी करतो हे खरे, परंतु त्या पात्यांना हुकूम देणारी व्यवस्था ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या संगणकात) नसेल तर तो जोडून उपयोग नाही.

नुसता टर्बो बदलून ताकद वाढते, हे तर मुळातच चुकीचे आहे. ताकद डिझेल जळून येते, आणि किती डिझेल सोडायचे ते ईसीयू ठरवतो. रिमॅप करून, म्हणजे ईसीयूमधील आज्ञावली बदलून, डिझेल वाढवले की एक्झॉस्टचे तापमान चढते, आणि त्याची झळ पिस्टनला, हेड गॅस्केटला व क्लचला बसते. विक्रेते हा खर्च सहसा सांगत नाहीत.

बूस्टच्या आकड्याने सर्वाधिक दिशाभूल होते, कारण गेज दाब दाखवतो, हवेचे वजन नव्हे. बाहेर ३० अंश तापमान असताना १.२ बार बूस्ट दिला, तर ७० टक्के कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून (टर्बोचा हवा दाबणारा भाग) हवा सुमारे १४० अंशांवर बाहेर पडते. कार्यक्षमता ६० टक्के असेल तर १६०च्या जवळ. दाब तोच, पण हवा विरळ आणि ती थंड करणाऱ्या इंटरकूलरवर भार अधिक. लेहला, सुमारे ३,५०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. तिथे गेजवर तोच आकडा गाठायचा तर टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते. म्हणून दोन टर्बोंची तुलना कॉम्प्रेसर मॅपवरूनच (किती दाबाला व किती हवेला कॉम्प्रेसरची कार्यक्षमता किती, हे दाखवणारा आलेख) करावी, आणि जो विक्रेता मॅप दाखवू शकत नाही त्याच्याकडून टर्बो घेऊ नये.

राहिला शाफ्ट. साध्या जर्नल बेअरिंगमधला (छर्रे नसलेले, तेलावर चालणारे बेअरिंग) शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, त्यामुळे इंजिन बंद असताना तो आडवा किंचित हलणारच. एअर फिल्टरकडचा पाइप काढून शाफ्ट पुढे-मागे ओढून पाहावा: त्या दिशेने हाताला जाणवेल इतकी ढिलाई असेल, किंवा पाती घासल्याच्या चकचकीत खुणा हाउसिंगच्या आत दिसत असतील, तरच टर्बो गेला असे समजावे. अशा वेळी मूळ पार्ट नंबरचाच टर्बो घ्यावा, कारण उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाई आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.