पोऱ्या हुशार शे, फक्त मोजून द्या

आधी अभिनंदन घ्या. तुमचं साडेचार वर्षांचं पोरगं एसटीच्या पाट्या वाचतं, नुसत्या आवाजावरून ट्रॅक्टरची कंपनी सांगतं आणि यंदा कानबाईच्या रोटांना जमलेल्या सगळ्या भाऊबंदांसमोर त्याने बाविसाचा पाढा उलटा म्हणून दाखवला. त्याला तेव्हा झोप आली होती, पण तुम्ही खुर्चीवर उभं केलंत, म्हणून म्हणाला बिचारा. पोरगं असामान्य आहे याबद्दल आता कुणाला शंका उरलेली नाही, एक तुमचा साडू सोडला तर. साडूला पटायचं तर बुद्ध्यांकाचा आकडा लागतो आणि आकडा देणारा माणूस आपल्याकडे शोधावा लागतो. मी भाच्यासाठी हे सगळं करून बसलोय, म्हणून हक्काने सांगतो.

पहिली अडचण घरातच आहे. सायकॉलॉजिस्ट हा शब्द उच्चारला की आजी विचारणार, "डोकाना डॉक्टरकडे कसाले? पोऱ्याले काय व्हयनं?" समजावत बसू नका. औषध लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, तो एमबीबीएस करून पुढे शिकलेला डॉक्टर असतो. चाचण्या घेतो तो मानसशास्त्रज्ञ, तो निराळा. हे आजीला दोन मिनिटांत कळेल, पण मेडिकल दुकान चालवणाऱ्या तुमच्या चुलतभावाला जन्मात कळणार नाही. त्यापेक्षा "पोराचे दात दाखवायला चाललो" म्हणा. गाडी दोन गल्ल्या सोडून लावा. तोंडाला रुमाल बांधा. मे महिन्यात जळगावात सगळेच रुमाल बांधून फिरतात, तेव्हा तारीख उन्हाळ्यातलीच घ्या. पोराचा मेंदू भारी आहे हे अख्ख्या गावाला सांगायचं आणि तो मेंदू कुणाला दाखवायला नेला हे कुणालाच कळू द्यायचं नाही. एवढी कसरत जमली की निम्मं काम झालं.

एवढं नको वाटत असेल तर आपल्याकडे सोपा मार्गही आहे. एखाद्या मंगल कार्यालयात शिबिर लागतं, टाय लावलेला तरुण पोराच्या दहाही बोटांचे ठसे घेतो आणि आठ दिवसांत रंगीत फाइल घरपोच येते. याला डीएमआयटी म्हणतात. बोटांच्या रेषांवरून पोरगं कलेक्टर होणार की क्रिकेटर, डावा मेंदू किती टक्के आणि उजवा किती, सगळं त्यात असतं. याला शास्त्राचा काडीचा आधार नाही म्हणतात, पण फाइल बघा ना किती जाड! रेशनच्या दुकानातलं यंत्र आजीचा अंगठा चार वेळा पुसून ठेवला तरी ओळखत नाही. नातवाचा अंगठा मात्र तो आयएएस होणार हे ओळखतो. यंत्रं केवढी सुधारली!

तरीही तुम्हाला खराच मानसशास्त्रज्ञ हवा असेल, तर बाहेर पाटी बघा आणि आत शिरा. पाटीवर 'समुपदेशक, वास्तुतज्ज्ञ, अबॅकस' असं असलं तरी चालेल. आपण जळगावची माणसं, अर्ध्या तोळ्याची अंगठी घेताना हॉलमार्क बघतो, पावती मागतो, दोन दुकानं फिरतो. पण शिक्षण काय, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवता तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक काय, चाचणी कुठली घेणार, असले प्रश्न विचारून समोरच्याचा अपमान करायचा नसतो. अंगठी आयुष्यभर टिकते, पोराचं काय!

सिव्हिलला मात्र चुकूनही जाऊ नका. मी गेलो होतो. तिथे मानसशास्त्रज्ञ होत्या, चाचणीचे पैसेही लागत नव्हते, हे खरं. पण बाकावर बसलेली सगळी माणसं पोराच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आलेली. माझ्या शेजारी लांबच्या एका पाड्यावरून आलेली बाई होती, मांडीवर आठ-नऊ वर्षांचं पोरगं, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. सकाळची पहिली गाडी धरून आली होती. तिने विचारलं, "तुमना पोऱ्याले काय व्हयनं?" मी म्हटलं, "काही नही, हुशार शे." ती भाच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मंग आठे कसाले?" मी उठून पाणी प्यायला गेलो.

तर मग पुणंच बरं. पुण्याला ज्ञान प्रबोधिनी आहे, बुद्धिमान मुलांसाठी १९६२ पासून काम करते, आणि "पुण्याला दाखवलं" हे वाक्य साडूसमोर टाकायला बरं पडतं. निघण्यापूर्वी दोन महिने पोराची तयारी करून घ्या. चाचणी पाठ करायची नसते, पाठ केली की ती काहीच मोजत नाही, म्हणून ही मंडळी तिचं साहित्य कुलपात ठेवतात. पण आपण क्लासवाल्यांच्या मुलखातले. चाळीसगावजवळ पाटणला शिलालेख आहे, १२०७ च्या सुमारासचा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला त्याचा. आजोबांच्या पुस्तकांवर नातवाने क्लास काढला, ही आपली आठशे वर्षांची परंपरा. तेव्हा झेरॉक्स शोधा. नाही मिळाली तर घरीच प्रश्न काढा. भाच्याला त्याच्या बापाने विचारलं, "केळी आणि कापूस यांच्यात सारखं काय?" अपेक्षित उत्तर, दोन्ही शेतात पिकतात. पोरगं म्हणालं, "दोन्हीले भाव नही." बापाने डोक्याला हात लावला. हे उत्तर चुकलं म्हणून त्या रात्री पोराला एक तास जास्त बसवलं.

चाचणीच्या आदल्या रात्री ट्रॅव्हल्सनेच जा. रात्रभर घाट आणि खड्डे, पहाटे शिवाजीनगरला उतरायचं, वडापाव चारायचा आणि दहाच्या ठोक्याला खुर्चीत बसवायचं. मूल झोपलेलं, खाल्लेलं, खुशीत असावं असं ती मंडळी फोनवर सांगतात. सांगू द्या. खोलीत तुम्हाला बसू दिलं तर मागून हळूच उत्तर सुचवा. पोरगं अहिराणीत बोललं तर तिथेच डोळे वटारा, मग ते पुढचा अर्धा तास काहीच बोलणार नाही आणि त्याचे गुण सुरक्षित राहतील.

एक तांत्रिक बाब. ते लोक पोराचं वय महिन्यापर्यंत मोजतात, कारण तुलना त्याच वयाच्या मुलांशी असते. जुन्या हिशेबात मानसिक वयाला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणायचं. पाच वर्षांच्या पोराने साडेसहाची कामं केली की १३०. आता बघा, शाळेत लवकर घालायला तुम्ही दाखल्यावर त्याला आठ महिन्यांनी मोठा केलेला आहे. म्हणजे तुमच्याच सहीने त्याचा बुद्ध्यांक कमी झाला. तिथे खरी तारीख सांगावी की दाखल्यावरची, हे गाडीतच ठरवा, चाचणी घेणाऱ्या बाईंसमोर नवरा-बायकोने भांडू नका. आम्ही भांडलो नाही, पण भाच्याने दोन्ही तारखा सांगितल्या आणि का ते पण सांगितलं.

या बाई तुम्हाला चाचणीपेक्षा जास्त वेळ बाहेर बसवून प्रश्न विचारतील. झोपतो किती, चिडतो कशावर, बरोबरीच्या पोरांत खेळतो का, शाळेत कंटाळतो का. याची उत्तरं देऊ नका. "मॅडम, आकडा सांगा" एवढंच म्हणत राहा. मग त्या सांगतील की इतक्या लहान वयातला आकडा पक्का नसतो, पुढे बदलतो, आणि तो एक आकडा म्हणून वाचायचा नसतो, इथपासून इथपर्यंत असा पट्टा धरायचा असतो. आमचा आला ११७ ते १२९. सरासरी १००, आणि १३० च्या वर शंभरात दोनच पोरं जातात. आमच्या कॉलनीतली सगळी पोरं त्या दोनांतली आहेत, त्यामुळे घरात सुतक पडल्यासारखं झालं. अहवाल सहा पानी होता. पाच पानं काय करावं याची, ती कुणी उघडली नाहीत.

बाईंनी जाता जाता आणखी एक सांगितलं. ही कसोटी १९०५ साली पॅरिसात बिने आणि सिमों यांनी केली ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी म्हणून. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, बिने-कामत म्हणतात तिला, तीच आम्ही देऊन आलो होतो. म्हणजे मूळ रांग सिव्हिलच्या बाकावरच्या त्या बाईची. मध्ये घुसलो आम्ही. पण असं बोलून आपलं डोकं फिरवणाऱ्या बाईंकडे परत जाऊ नये.

निकालानंतर दोन-तीन दिवस कुणाचा फोन उचलू नका. मग पट्ट्यातला वरचा आकडा घ्या, एक मिळवा आणि स्टेटसला ठेवा. संध्याकाळपर्यंत साडूचा फोन येईल. त्याच्या पोरीचे १३४ आले आहेत, नाशिकला, आणि ती तर अजून चारचीही नाही.

आता तुम्हाला परत निघावं लागणार. तीच चाचणी लगेच पुन्हा घेत नाहीत, म्हणून गाव बदला आणि आधीचा अहवाल घरी ठेवा. या वेळी स्लीपर खालचं घ्या. वरच्या बर्थवर घाटात पोराला उलटी होते.