सातबाऱ्यावरची तूर

"लाईट बिल आणलंय का?" गॅस एजन्सीच्या काउंटरवरच्या पोरानं मान वर न करता विचारलं.

म्हटलं, लाईट बिल येत नाही.

"मग डुप्लिकेट काढा."

"अरे, येतच नाही. घर शेतात आहे, सगळं सोलरवर. मीटरच नाही."

त्यानं माझा सातबारा उचलला आणि पीकपाहणीच्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथं तूर लिहिलीय, सर. घर कुठंय?"

शहर सोडल्यापासून लोकांचं बरंच ऐकून घेतलंय, पण कागदोपत्री मला तूर कुणी केलं नव्हतं.

आम्ही काही कुटुंबं लातूर जिल्ह्यातल्या एका माळावर राहतो. वीज उन्हाची, पाणी पत्र्यावरचं, गॅस शेणाचा. पाण्याची तक्रार नाही. हजार चौरस फुटांच्या पत्र्यावर 100 मिलिमीटर पाऊस झाला तर नऊ हजार लिटरच्या आसपास पाणी टाकीत येतं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा बायकोचा नळावरचा विश्वास उडाला तो उडालाच. रडगाणं गोबरगॅसचं. 2 घनमीटरच्या संयंत्राला रोज 50 किलो शेण लागतं आणि तेवढंच पाणी. ते कालवायला एक माणूस लागतो. तो मी. इतकं करून आतल्या जिवाणूंना ऊब हवी 35 अंशांच्या आसपास. डिसेंबरात पहाटे पारा उतरला की ते संपावर जातात. चहाचं आधण ठेवून अंघोळ उरकून यावं, तरी पाणी कोमटच. म्हणून निमूटपणे, वस्तीवर कुणाला न सांगता, गॅसची टाकी मागायला आलो होतो.

तेवढ्यात रांगेतले एक मामा पुढं सरकले. पटका, हातात गॅसचं पुस्तक, पायाशी रिकामी टाकी.

"कामून भांडूलालाव, सर? बिल थकलंय व्हय?"

"नाही हो मामा."

"लाजू नका. आमचं बी पंपाचं थकलंय." मग मागं वळून रांगेला खुलासा केला, "मीटर कापून नेलाय ह्यांचा."

"कापला नाही. नव्हताच."

"मग रातच्याला?"

"लाईट असते की. बॅटरीवर."

"आन् जाती कवा?"

"जात नाही."

मामांनी माझ्याकडं जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "जातच न्हाई? मग आली म्हणून लेकरं वरडत न्हाईत?"

याला काय उत्तर द्यायचं? मामांना उत्तर नकोच होतं. त्यांनी माझी केस ताब्यात घेतली होती.

"शेतावरून लाईन जाती का?"

"बांधावरून जाते."

"झालं तर! आकडा टाका."

रांग गप्प.

"पथक येऊ द्या. पंचनामा हुतोय. त्येच्यात नाव, गाव, गट नंबर, घराचं तोंड कुनीकडं हाय ते समदं लिहितेत. वर शिक्का! एकदा वीजचोरीचं कलम 135 लागलं, की तुमचं घर सरकारनं मानलं म्हणून समजा."

काउंटरवरच्या पोरानं पहिल्यांदा मान वर केली. चेहऱ्यावर विचार दिसला. "साहेबांना विचारावं लागेल," तो म्हणाला. "चालत असेल."

चालत असेल! बांधावरची ती लाईन अकरा केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची. तिच्यावर आकडा टाकला तर पंचनामा होईल, पण वेगळ्या प्रकारचा. तिच्यावरून घरगुती वीज घ्यायची तर डीपी आणि खांबांचं कोटेशन लाखांत. बरं, सरकार 2024 पासून घरावरच्या सोलरला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान देतं. पण अर्जाला वीज ग्राहक क्रमांक लागतो. म्हणजे उन्हाची वीज घ्यायला मदत हवी असेल तर आधी तारेची घेत असलं पाहिजे. बॅटऱ्या आम्ही पदरच्या पैशानं घेतल्या, त्यात डिस्टिल्ड वॉटर स्वतः ओततो, कुणाचं एक युनिट खात नाही. आणि कुठल्याही काउंटरवर उभं राहिलं की थकबाकीदाराहून खालचे ठरतो. त्याच्याकडं निदान बिल तरी असतं.

टाकी मिळाली नाहीच. मामांना मिळाली, आणि ती त्यांनी न विचारता माझ्या गाडीत ठेवली. "आमचं गाव तुमच्या वाटंवरच हाय." वाटेत मामांनी आमची बॅटरी किती मोठी, उन्हात किती वेळात भरते, सगळं बारकाईनं विचारून घेतलं. मला वाटलं, माणसाला विषयात रस आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा नातू दारात. हातात फवारणीचा बॅटरीवरचा पंप, पिशवीत मोबाईल आणि चार्जर. "आज्जा म्हणला, तिथली लाईट जातच न्हाई."

नेमकं आभाळ आलेलं. पंपाचा हिरवा दिवा लागेपर्यंत पोरगं ओट्यावरून हललं नाही आणि तोवर आमचा मिक्सर बंद. चटणी पाट्यावर वाटावी लागली. वाटायला एक माणूस लागतो.