खुलासा : राजकन्या जोनच्या दुसऱ्या पतीचा शिरच्छेद झाला नव्हता

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने आपल्या मुलीच्या गुप्त विवाहामुळे संतापून जावयाचा शिरच्छेद करविला, असा मजकूर सध्या फिरत आहे. खेदाची गोष्ट म्हणजे माझ्या एका जुन्या टिपणातही हीच चूक होती.

धर्मयुद्धाच्या (क्रूसेडच्या) काळात 1272 मध्ये आक्र (आजच्या इस्राएलमधील बंदर) येथे जन्मलेल्या जोनचा पहिला विवाह 1290 मध्ये ग्लॉस्टरचा अर्ल (इंग्लंडमधील बड्या उमरावांची एक पदवी) गिल्बर्ट द क्लेअर याच्याशी झाला. तो तिच्यापेक्षा सुमारे तीस वर्षांनी मोठा होता. 1295 मध्ये तो वारल्यावर त्याची अफाट जहागीर जोनच्याच हाती राहिली, कारण विवाहाच्या वेळी ती दोघांच्या नावे केलेली होती. राजाला तिच्या पुनर्विवाहाची इतकी काळजी का होती, हे त्यावरूनच उमगते. सव्हॉय (आल्प्समधील एक संस्थान) येथील काउंटशी तिच्या लग्नाची बोलणी राजा करत असताना तिने 1297 मध्ये राल्फ द मॉंथरमर या साध्या सरदाराशी परस्पर लग्न केले.

राजाने राल्फला ब्रिस्टलच्या किल्ल्यात डांबले, इथपर्यंत मजकूर बरोबर आहे. मात्र त्याच वर्षी त्याची सुटका झाली आणि पत्नीच्या हक्काने तो अर्ल म्हणून ओळखला जाऊ लागला. 1300 मध्ये स्कॉटलंडमधील कार्लाव्हरॉक किल्ल्याच्या वेढ्यात तो लढला. त्या वेढ्यावरील समकालीन फ्रेंच काव्यात, काउंटेस (अर्लची पत्नी) जोनच्या प्रेमापायी त्याने सोसलेल्या हालांचाही उल्लेख आहे. जोन 1307 मध्ये वारली, राल्फ 1325 मध्ये.

शिरच्छेदाचा मजकूर कृपया पुढे पाठवू नये, आणि पाठविला असल्यास त्याखाली हा खुलासा जोडावा.